दगडांची गाडी

आमच्या घरमालकांनी मला वरची खोली दाखवली तेव्हा यंत्र बंद ठेवलं होतं. त्यांच्या उभ्या आयुष्यातला तेवढाच काय तो व्यवहारीपणा. मी जळगावचा, बदली होऊन धुळ्याला आलेला. घर बघताना माणूस जे विचारतो ते सगळं मी विचारलं. पाणी किती दिवसांआड येतं, उन्हाळ्यात वरचा पत्रा किती तापतो, मोटारसायकल कुठे लावायची. इथे काही थरथरतं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. सामान लावलं, चहाचा कप खिडकीत ठेवला आणि जरा वेळाने बघतो तर कप माझी वाट न बघता खिडकीच्या कडेपर्यंत पोचला होता.

खाली गेलो. घरमालक नाना मोरीशेजारी पाटावर बसून एका प्लास्टिकच्या भांड्यात डोकावत होते. भांड्याखाली स्प्रिंगा, स्प्रिंगांखाली मोटर, आणि हे सगळं प्रकरण स्कूटरच्या जुन्या टायरात बसवलेलं. भांड्यात दगड होते. ते उकळत्या पाण्यातल्या हरभऱ्यांसारखे सावकाश वर येत होते आणि खाली जात होते.

"या जळगाव," नाना म्हणाले. "गाडी पहिल्या थांब्यावर आहे. उशिराने धावते आहे, पण रद्द नाही."

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्टँडवर माइकसमोर त्यांची हयात गेली. निवृत्त झाले तेव्हा खात्याने माइक काढून घेतला, पण बोलायची तऱ्हा काढून घ्यायला विसरलं. माणसांना ते गावाच्या नावाने हाक मारत. मी जळगाव. त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, माहेरच्या गावावरून शिंदखेडा. मुंज, लग्न, श्राद्ध सगळं सांगणारे गुरुजी साक्री. आक्कांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही नवरा अजून आपल्याला माहेरच्या फलाटावर उभं करतो याचं काही वाटत नसे. त्या म्हणत, "नावाने हाक मारली तर मीच घाबरेन. वाटेल, अपघात झाला."

यंत्र त्यांनी मोबाइलवर बघून मागवलं होतं. अशा यंत्रांत सर्वांत स्वस्त जे होतं ते. ते स्वस्त आहे हे नाना अभिमानाने सांगत आणि यंत्र दर दोन दिवसांनी ते सिद्ध करत असे. त्याच्या बोल्टांच्या चाक्या ढिल्या होत. चाक्या ढिल्या झाल्या की ते चालू लागे, म्हणजे खरोखर जागा सोडून चालू लागे. टायर आणायच्या आधी एकदा आक्का भाजी घेऊन आल्या तेव्हा ते मोरीपासून उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं, वायर ताणून, दावं ताणलेल्या वासरासारखं. आक्का शांतपणे त्याला ओलांडून आत गेल्या. नानांनी मात्र त्याचं कौतुक केलं. म्हणाले, "गाडीला ओढ आहे."

दगड त्यांना एसटीने मिळवून दिले होते. नोकरीत असताना ज्या ज्या मार्गावर त्यांना काम पडलं त्या त्या मार्गावरचे नदी-नाले त्यांनी उपसले. दोंडाईचा रस्त्याचे गारगोटीचे, साक्रीकडचे लाल, रावेरच्या पुढे सातपुड्याच्या ओढ्यांतले हिरवट. सगळे ओट्यावरच्या टोपलीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की घराचं बांधकाम अर्धवट राहिलंय. नाना एकेक दगड ओला करून उन्हात धरत आणि विचारत, "काय दिसतं?" मला दगड दिसे. तसं सांगितलं की ते माझ्याकडे अशा नजरेने बघत की जळगावच्या शिक्षणखात्याची मला लाज वाटे.

दगड घासायचे म्हणजे नुसते भांड्यात टाकून बटण दाबायचं, असं मला वाटलं होतं. तसं करणारा माणूस सुखी झाला असता, म्हणून नाना तसं करत नसत. आधी जाड पूड घालायची आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचं. मग दगड धुऊन बारीक पूड. मग त्याहून बारीक. आणि शेवटी मैद्यासारखी पांढरी पूड, तिने चकाकी येते. प्रत्येक पुडीला नाना थांबा म्हणत. दोन थांब्यांच्या मध्ये दगड असे धुवायचे की आधीच्या पुडीचा एक कण राहता कामा नये, नाहीतर पुढच्या सगळ्या दगडांवर चरे. ज्या माणसाने स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही तो माणूस दात घासायचा ब्रश घेऊन एकेका खड्याच्या काखा घासत बसे. ब्रश कुणाचा, हा प्रश्न मी एकदाच विचारला. त्यानंतर मी माझा ब्रश कपाटात कुलूप लावून ठेवू लागलो.

पाणी हे तर वेगळंच शास्त्र. जास्त झालं तर दगड नुसतेच घसरतात, कमी झालं तर पूड आणि चिखल घट्ट होऊन गाडी जागच्या जागी अडकते. हे ठरवायला नाना आक्कांना बोलवत. आक्का पदर खोचून येत, भांड्यात बोट घालून दोन बोटांत चिखल चोळत आणि निकाल देत. "पिठलं झालं. कढी पाहिजे." नाना चमचाभर पाणी घालत. त्या माउलीने आयुष्यभर केलेल्या स्वयंपाकाची नवऱ्याने घेतलेली एवढीच दखल, पण ती मात्र मनापासून घेतली.

दगड एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून मधे चिनी मातीचे बारीक तुकडे घालतात, असं नानांनी कुठेतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आक्कांची लोणच्याची बरणी आपोआप फुटली. आपोआप हा शब्द नानांचा. बरणी रिकामी होती, धुतलेली होती आणि हातोडीच्या शेजारी फुटली होती, एवढं सोडलं तर त्यात संशयास्पद काही नव्हतं. बरणीच्या धारदार तुकड्यांनी त्या फेरीतला एकूण एक दगड ओरबाडला. आक्का म्हणाल्या, "देवाने पाहिलं."

मग मोरी तुंबली. तो चिखल मोरीत ओतायचा नसतो, तो आत जाऊन बसतो आणि दगड होतो, हे यंत्राच्या कागदावर म्हणे ठळक लिहिलं होतं. कागद इंग्रजीत होता आणि नानांनी तो यंत्राखाली घडी करून पाचरीला लावला होता. मोरी फोडायला आलेल्या मिस्त्रीने आतून निघालेला नळीच्या आकाराचा करडा ठोकळा हातात धरून विचारलं, "नाना, हे सिमेंट कोणतं? एवढं पक्कं आम्हाला मिळत नाही." नानांना तो टोमणा वाटलाच नाही. त्यांनी तो ठोकळा आडवा कापून आतले थर दाखवायची तयारी सुरू केली.

आणि पाय घासायची वजरी. न्हाणीघरातल्या त्या काळ्या, खरखरीत दगडाचा जन्म ज्या कामासाठी झालाय त्या कामाचा नानांनी काही विचार केला नाही. त्यांना तो फक्त उपेक्षित दिसला. चार थांबे करून आणला आणि आक्कांच्या हातात दिला, एखादी पैठणी द्यावी तसा. आक्का ती गुळगुळीत वजरी टाचेवर फिरवत राहिल्या. ती साबणासारखी सटकत होती. "आता हिला घासायला दुसरी आणा," त्या म्हणाल्या.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट नाना अशी सांगत की मला ऐकावी लागे. दगड घासायची दुसरीही यंत्रं असतात, पिंप आडवं फिरतं तशी. नाना त्यांना कमी लेखत. "फिरणारं यंत्र दगडाचा गोटा करतं, जळगाव. सगळे सारखे. आपली गाडी नुसती थरथरते. दगडाचा कोपरा कोपराच राहतो. स्वभाव बदलत नाही, फक्त तोंड धुतं." हे म्हणताना ते भिंतीकडे बघत. मोरीच्या बाजूची भिंत. तिच्या पलीकडे त्यांचे थोरले भाऊ राहत.

भाऊ हे एका तेलगिरणीत हेडक्लार्क होते. सरळ रेघ, करकरीत इस्त्री, वेळेवर जेवण. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन जळगावला. वडिलांच्या घराचे मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले, आणि त्या वाटणीत दोघा भावांत एका शब्दाने वाद झाला नव्हता, असं गल्लीत अजून सांगतात. इतकं शहाणपण एका घराला झेपणारं नव्हतं. मग यंत्र आलं. यंत्राला सावली आणि प्लग दोन्ही मिळेल अशी जागा घरात एकच, मोरीशेजारी, त्या भिंतीला लागून. भिंतीच्या त्या बाजूला भाऊंची खाट.

भाऊंनी पहिल्या आठवड्यात एकदा येऊन सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात एकदा ओरडून सांगितलं आणि नंतर बोलणं बंद केलं. नानांनीही केलं. मी आलो तेव्हा या अबोल्याला काही वर्षं झालेली होती आणि दोघांनाही एका दुभाष्याची गरज होती. दोन्ही ओटे लागून. भाऊ आपल्या ओट्यावर पेपर वाचत, नाना आपल्या ओट्यावर दगड निवडत. मधे हात लांबवला तर एकमेकांचा कान धरता येईल इतकं अंतर. मी ऑफिसातून येऊन पायरीवर बूट काढू लागलो की कामकाज सुरू होई.

"त्याले सांग," भाऊ पेपरातून डोकं वर न काढता म्हणत, "आठे माणसं ऱ्हातस. गिरणी नही शे ही."

मी नानांकडे बघे. नानांनी शब्द न् शब्द ऐकलेला असे, तरी ते थांबत. मी सांगेपर्यंत त्यांना ते पोचलेलं नसे. मग मी म्हणायचं, "भाऊ म्हणतात, इथे माणसं राहतात."

"त्यास्ले सांग," नाना म्हणत, "कानमा कापूस घाला."

लक्षात घ्या, भांडतानाही धाकटा थोरल्याला आदरानेच बोलत होता. फक्त ते आदराचे शब्द माझ्यामार्फत जात. तिसऱ्या कुणाशी बोलताना नाना भावाला "शेजारचा फलाट" म्हणत. लाइट गेली की गाडी थांबे आणि मग भाऊ हमखास ओट्यावर येत. येरझाऱ्या घालत. मला वाटे, शांततेचा उपभोग घेताहेत. एकदा मला हळूच विचारलं, "किती येळ लागी म्हणे?" मी म्हटलं, तासभर तरी. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा येरझाऱ्या घालू लागले.

भाऊ आजारी पडले तेव्हा मुलगी येऊन त्यांना जळगावला घेऊन गेली. ते रिक्षात बसत असताना नाना मोरीशेजारी बसून दगड धूत होते. पुन्हा पुन्हा तोच दगड. आक्का दोनदा आत येऊन म्हणाल्या, जाऊन भेटा. नाना म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही." खरंच होतं. दुभाष्या ऑफिसात गेला होता.

दर शनिवारी मी जळगावला घरी जायचो. एका शनिवारी नानांनी माझ्या पिशवीत एक दगड टाकला, रुमालात बांधून. लालसर, मधे पांढरी रेघ, काचेसारखा चकाकणारा. "जाताय तर," ते म्हणाले. "काही निरोप नाही." मी तो भाऊंना नेऊन दिला. खूप वाळले होते. त्यांनी चष्मा मागवला, दगड फिरवून फिरवून पाहिला, अंगठा घासला आणि म्हणाले, "त्याले सांग, आठे कोपरामा खरबरीत ऱ्हायनं." मग दगड उशीखाली ठेवला. मी निरोप धुळ्याला आणला. नानांचा चेहरा पडला. भावाच्या तब्येतीचं मी सांगत होतो आणि ते विचारत होते, "कोणत्या कोपऱ्यात?"

भाऊ थंडीत गेले. त्यांना धुळ्याला आणलं. मुलगा नाही, म्हणून अग्नी नानांनी द्यायचा ठरलं. बोलणं बंद होतं, पण नाही म्हणायला आता भाऊ नव्हते. स्मशानात खांद्यावर माठ घेऊन चितेभोवती फिरतात आणि खड्याने माठाला भोक पाडतात. तो खडा दहाव्यापर्यंत जपायचा. त्यालाच जीवखडा म्हणतात. गेलेला माणूस तोवर त्यात असतो असं समजायचं आणि दहाव्याला तो नदीत सोडायचा. गुरुजी म्हणाले, "एक खडा घ्या. कोणताही." आयुष्यात नानांना असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. ते खाली बसले आणि निवडू लागले. एक उचलला, ठेवला, दुसरा उचलून उन्हात धरला. मागे सगळं गाव ताटकळत उभं. शेवटी गुरुजींनी स्वतःच्या पायाखालचा एक काळा खडा उचलला आणि त्यांच्या हातात कोंबला. काळा दगड नानांनी कधी टोपलीत घेतला नव्हता. काळा कितीही घासा, चमकत नाही, असं त्यांचं मत. पण त्या दिवशी त्यांनी तो मुकाट्याने मुठीत धरला.

जीवखडा घरात आणत नाहीत. नानांनी तो उपरण्याच्या टोकाला बांधून ओट्यावरच्या खुंटीला अडकवला. आणि चार दिवस गाडी बंद. मी पहिल्यांदा त्या घरात माझा स्वतःचा श्वास ऐकला. आक्कांच्या फळीवरची भांडी गप्प, कप जागच्या जागी. नानांना ती शांतता सोसवेना. एका सकाळी त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"साक्री, सुतकात गाडी चालते का?"

"कोणती गाडी?"

"दगडांची."

गुरुजींनी शास्त्र आठवून पाहिलं. मग म्हणाले, "गोड खाऊ नये, पूजा करू नये. दगड हलवू नये असं कुठे वाचल्याचं आठवत नाही." शास्त्रकारांनी हे यंत्र पाहिलं नव्हतं, त्याचा फायदा नानांना मिळाला. त्यांनी ओट्यावरची टोपली उचलून तशीच भांड्यात रिकामी केली, न बघता, आणि हाती लागली ती पांढरी पूड ओतली. एरवी एकेक दगड पारखून घेणारा माणूस. त्या दिवशी त्याला दगड नको होते, आवाज हवा होता.

आदल्या दिवशी काय घडलं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुतकाच्या घराला मदत म्हणून अमळनेरच्या काकू येऊन राहिल्या होत्या. नानांच्या चुलतभावाची बायको, कामाला वाघ आणि बोलायला दोन वाघ. त्यांनी घरातला दिसेल तो कपडा धुवायला काढला, त्यात खुंटीवरचं उपरणंही. टोकाची गाठ सोडली तर आत खडा. त्या घरात खडा सापडला तर कुठे ठेवायचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती. जिथे तिथे दगड, आणि दगडांची ती टोपली समोरच. काकूंनी तो टोपलीत टाकला आणि उपरणं धुऊन, वाळवून, घडी करून पुन्हा खुंटीला लावलं.

दहाव्याला सकाळी गुरुजी स्कूटरवरून आले आणि त्यांनी जीवखडा मागितला. नानांनी खुंटीवरचं उपरणं काढलं. स्वच्छ, घडी केलेलं. टोकाला गाठ नाही. पुढची काही मिनिटं घरात जे झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की काकू "मी आपलं उपरणं धुतलं हो, खडा निघाला तो टोपलीत टाकला" असं म्हणाल्या आणि नाना तडक मोरीकडे गेले.

गाडी बंद केली. भांडं चाळणीत उपडं केलं. गारगोट्या, लाल, हिरवे, आणि त्यांच्यात एक काळा. एकच काळा, म्हणून ओळखायला काही अडचण आली नाही. एक कोपरा तुटलेला, तो तसाच तुटलेला. पण अंगावर चकाकी आलेली. काचेसारखी नाही, कढईला तेलाचा हात फिरवल्यावर येते तशी. नाना तो तळहातावर घेऊन उभे राहिले. ज्या आवाजापायी भावाने बोलणं टाकलं त्या आवाजात त्यांनी भावाचा जीव इतके दिवस घोळवला होता.

गुरुजींनी खडा हातात घेतला, फिरवला, परत दिला. "खडा तोच आहे ना? मग धुतला असं समजू. चला, उशीर होतो."

पांझरेच्या काठावर पिंड मांडले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर चांगले पाच-सहा. खाली एक कुत्रंही बसलं होतं. आम्ही मागे सरकलो. कावळे पिंडाकडे बघेनात. असं झालं की गेलेल्याची इच्छा काय राहिली ते ओळखून वचन द्यायचं असतं. नातलगांनी एकेक करून सुरुवात केली. मुलीला अंतर देणार नाही. श्रावणात कानबाई देवीला रोटांचा नैवेद्य चुकवणार नाही. भाऊंची पेटी कुणी उघडणार नाही. हे शेवटचं मला जरा वेगळ्या काळजीने आल्यासारखं वाटलं. कावळे बसल्या जागी मान वाकडी करून ऐकत होते आणि ऊन चढत होतं.

अमळनेरच्या काकूंना राहवलं नाही. "मशीनीमा घाली दिधं भाऊस्ले," त्या म्हणाल्या, "मंग कावळा कसा शिवी?" खडा टोपलीत कुणी टाकला हा विषय त्यांच्यापुरता सकाळीच संपला होता.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. आक्कांनीही. नाना ओल्या धोतरात, डोकं भादरलेलं, त्या काळ्या खड्यावर मूठ आवळून उभे होते. त्या यंत्राशिवाय त्या माणसाकडे दुसरं काय होतं? ना माइक, ना फलाट. ते पुढे झाले आणि मी त्यांच्या तोंडून भावाला मारलेली हाक पहिल्यांदा ऐकली. मधे दुभाष्या न घेता.

"भाऊ," ते म्हणाले. "गाडी बंद करसू मी. कायमनी. तुमनी आन."

कुणी हललं नाही. एक कावळा उडाला आणि आणखी लांबच्या झाडावर जाऊन बसला.

मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही. नानांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते त्यांनी देऊन टाकलं होतं आणि ते घ्यायला कुणी आलं नव्हतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा येत नसेल तर त्याच्याकडून पिंडाला शिववतात.

"थांबा," भाऊंची मुलगी म्हणाली. इतका वेळ ती मागे उभी होती. "काका, ते तुमचं यंत्र आवाज कसा करतं?"

नानांना कळेना. "कसा म्हणजे? खडखड."

"बाबांना आमच्याकडे झोपच येईना," ती म्हणाली. "मला म्हणायचे, कूलर लाव. एवढ्या थंडीत, काका. पाणी न घालता लावायचा. जुना आहे, नुसता खडखडतो. मी म्हटलं, बाबा, गारठून जाल. तर म्हणाले, वारा नको माले, आवाज ऱ्हाऊ दे. शेवटी मी कूलरचं तोंड भिंतीकडे करून ठेवला. मग झोपायचे. मला वाटलं, भ्रम झालाय."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग पिंडाकडे वळले. ज्या माणसाचा आवाज स्टँडच्या शेवटच्या फलाटापर्यंत जायचा त्याचा आवाज पाच पावलांवर मला जेमतेम आला. "भाऊ, गाडी चालू ठेवसू."

कावळा आला. तेवढ्यात कुत्रं उठून गेलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नानांनी खडा पाण्यात सोडला. नेहमी दगड पाण्यातून वर काढणारा हात तो, सोडताना जरा अडखळला.

घरी आल्यावर अंघोळी झाल्या, जेवणं झाली, पाहुणे पांगले. चाळणीतले दगड मोरीशेजारी तसेच पडले होते. नानांनी ते गोळा करून भांड्यात भरले, पूड घातली. आक्का न बोलावता आल्या, बोट घालून म्हणाल्या, "बरोबर आहे." नानांनी बटणाला हात लावला आणि मागे घेतला. पुतणीकडे हात केला. तिने तिच्या कमरेची किल्ली काढून दिली.

"जळगाव," ते मला म्हणाले, "मी पलीकडे गेलो की गाडी सोडा."

ते भाऊंच्या घराचं दार उघडून आत गेले. मी बटण दाबलं. भांडी फळीवर किणकिणू लागली. बराच वेळ झाला तरी नाना येईनात, तेव्हा मी पलीकडे गेलो. भाऊंच्या खाटेवर ते भिंतीला पाठ लावून बसले होते. डोळे मिटलेले, गाल ओले. माझी चाहूल लागली तरी उघडले नाहीत.

"मला वाटायचं, भाऊ चिडतात," नाना म्हणाले. "इकडून ऐकलं की वाटतं, घरात कुणीतरी आहे."